पानावरची साद

नवशिक्या शिकाऱ्याला एंगलबर्ट होफश्टाडलर बुटांवरून ओळखायचा, आणि ओळख पटली की मनातल्या मनात त्याला निकालात काढून मोकळा व्हायचा. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. शिकारीची परीक्षा पास होऊन आलेली माणसं ऑस्ट्रियातल्या म्यूलफिर्टलच्या या टेकड्यांवर त्याच्या हवाली केली जायची आणि तो त्यांना त्यांचा हरणाचा पहिला नर मिळवून द्यायचा. त्यातला एकही जण त्याच्या मते शिकारी नव्हता. एक दंतवैद्य अंगाला अत्तर चोपडून आला होता. एका वकिलाने रायफलीवर इतकी यंत्रं चढवली होती की ती खांद्याला लावताना बिचाऱ्याचे हात लटपटत. एक बेकरीवाला मचाणावर बसल्या बसल्या घोरायला लागला आणि त्या घोरण्याखालून तीन हरणं चरत चरत निघून गेली. हे किस्से एंगलबर्ट दर रविवारी खानावळीत सांगायचा. दर वेळी त्यातली हरणं वाढायची.

ऑगस्टचा पहिला मंगळवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते तरी ऊन पाठीला चावत होतं. टेकडीच्या पायथ्याशी गुरांच्या दगडी हौदापाशी तो काठीवर रेलून उभा होता. यंदाची शिकाऊ एक बाई होती. युडिट पामर, वय चौतीस, राहणार लिंत्स शहर, काम चर्चमधले ऑर्गन सुरात लावण्याचं. हे कळलं तेव्हाच त्याने नाक मुरडलं होतं.

ती आली, आणि पहिला घास खड्यावर पडावा तसं त्याला झालं. बूट जुने होते. अंगावरचा लोकरी कोट कोपरांपाशी झिजून चकचकीत झालेला, कुण्या मामाचा असावा. रायफलही साधी, लाकडी दस्त्याची. नाव ठेवायला जागाच नाही. एंगलबर्टला हा आपल्यावर अन्याय वाटला.

"वाइडमान्सहाइल, एंगलबर्ट," ती म्हणाली आणि हात पुढे केला. शिकाऱ्यांच्या या नमस्कारानंतर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, मंत्र्यालासुद्धा नाही. रीत जुनी होती आणि त्याला मान्यही होती. फक्त ती शिकाऊ माणसांनी पाळली की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"उशीर केलास."

"साडेदहाच ठरलं होतं ना?"

"ठरल्या वेळेला पाहुणे येतात. शिकारी आधी येऊन बसतो. चल, आणि पाय वाजवू नकोस. चर्चमध्ये चालतेस तशी चाल."

"चर्चमध्ये मी बहुतेक वेळ ऑर्गनच्या पोटात असते," ती म्हणाली. "रांगत."

तो हसला नाही. आज हसण्याचा दिवसच नव्हता. परवा रविवारी खानावळीत, भरल्या टेबलावर, गोटहार्ट किट्समुलरने त्याला टोकलं होतं. गोटहार्ट गावच्या शिकारमंडळाचा प्रमुख. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, आणि एंगलबर्टच्या हिशेबी मंडळातला सगळ्यात वाईट नेमबाज.

"कान तपासून घे बाबा," गोटहार्ट म्हणाला होता.

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

"गेल्या वर्षी पाडस तुझ्यापासून दहा पावलांवर गळा काढून ओरडत होतं आणि तू विचारत होतास, आज सगळं एवढं चिडीचूप कसं?"

टेबल हसलं. मग गोटहार्टने आवाज उतरवून खरं ते सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात दोन शिकाऊ रिकाम्या हातांनी परतले होते. या पामरबाईला घेऊन जा, दुपारी मीही वर चक्कर टाकतो. जमलं नाही तर पुढल्या वर्षापासून शिकाऊ माणसं माझा पुतण्या नेईल. पुतण्या चोवीस वर्षांचा होता आणि हरणांची साद फोनवर वाजवायचा. एंगलबर्टने बियरचा मग अर्धा ठेवून घर गाठलं होतं.

राग यायचं कारण एवढंच की गोटहार्ट खरं बोलत होता. सहा उन्हाळ्यांपूर्वी कधीतरी रातकिडे बंद पडले होते. मग किटलीची शिट्टी गेली, मग पाकोळ्या. जाड आवाज त्याला नीट ऐकू यायचे, बोलणं कळायचं, घंटा कळायची. पण बारीक, उंच असं जे काही जगात होतं ते त्याच्यापुरतं संपलं होतं. आणि हरणाच्या मादीची साद तर सुईसारखी बारीक. माजाच्या दिवसांत तीच साद बीच झाडाच्या पानावर हुबेहूब वाजवून नराला बोलवायचं, ही इथली जुनी विद्या. एंगलबर्ट ती आता ओठांच्या अंदाजाने वाजवायचा. नर आला की समजायचं, बरोबर वाजली. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि मरेपर्यंत सांगणार नव्हता. शिकाऊ माणसं गेली की त्याच्यापाशी खानावळीतली एक खुर्ची उरणार होती, आणि किस्से सांगणाऱ्याचे किस्से व्हायला या गावात फार दिवस लागत नाहीत.

हाफ्नरग्राबनला पोचेपर्यंत सव्वाअकरा झाले. ही एक खोल घळ. या अंगाला बीचची उंच झाडं, समोरच्या उतारावर स्प्रूसची काळपट दाटी, आणि तळाशी ओढ्याच्या काठाने आल्डरचं रान. एका मोठ्या शिळेला टेकून फांद्यांचा आडोसा केला होता. दोघं त्याच्यामागे बसली. हवा हलत नव्हती. राळेचा वास उन्हात तापून घट्ट झाला होता.

त्याने एक पान तोडलं, दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणून धरलं आणि ओठांना लावलं.

"चार वेळा. मग गप्प. पंधरा मिनिटं. मग पुन्हा चार. आणि शेवट तोडायचा. मादी आहे ती, अंत्यविधीतला तुझा बाजा नाही, लांबवत बसायला." त्याने वाजवून दाखवलं. ओठांना गुदगुल्या झाल्या, म्हणजे काहीतरी वाजलं होतं.

युडिटने मान कलती केली. "पहिल्या तीन सुंदर होत्या. चौथी नुसतीच हवा गेली."

"मुद्दाम," तो म्हणाला. "लक्ष आहे का बघत होतो."

ती हात लांब करून स्वतःसाठी पान शोधू लागली. एंगलबर्टने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि समोरच्या उतारावर फिरवली. उगाच, बाईकडे बघावं लागू नये म्हणून.

आणि त्याला साद ऐकू आली.

बारीक, लख्ख, थेट कानाच्या पडद्यावर ओरखडा काढणारी. सहा वर्षांत त्याने असलं काही ऐकलं नव्हतं. क्षणभर त्या म्हाताऱ्याचं मन इतकं भरून आलं की त्याला त्या बाईचे आभार मानावेसे वाटले. पण सवय ती सवय.

"शेवट लांबला," तो दुर्बीण न काढता म्हणाला.

"कशाचा?"

"सादेचा. तिथे तोड म्हटलं होतं ना?"

"एंगलबर्ट, मी अजून वाजवलंच नाहीये."

त्याने वळून पाहिलं. तिच्या दोन हातांत पानाचे दोन तुकडे होते. ताणतानाच फाटलं होतं.

"तेच सांगतोय," तो म्हणाला. "वाजवायच्या आधी सांगून ठेवतोय. नंतर सांगून काय उपयोग?"

ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने दुसरं पान घेतलं आणि वाजवलं. तिचे गाल किंचित फुगले, चार वेळा. एंगलबर्टला काहीही ऐकू आलं नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पहिल्या वेळेच्या मानाने."

मग दोघं गप्प बसली. ऊन आडोशातून आत उतरत होतं. त्याच्या हातावर एक माशी चालत होती आणि तो तिला हाकलत नव्हता, इतकं शिकारीपण त्याच्यात नक्कीच होतं. बरोबर पंधरा मिनिटांनी, त्याने घड्याळात पाहिलं म्हणून त्याला माहीत, खालच्या आल्डरच्या रानातून साद आली. एक. दोन. तीन. चार. चौथीचा शेवट लांबलेला.

त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून युडिटकडे पाहिलं. तिचा चेहरा कोरा होता.

"सांग बघू," तो परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखा म्हणाला, "काय काय ऐकू येतंय?"

तिने डोळे मिटले. "रानकबुतर, वरच्या अंगाला. खूप लांब करवत चालू आहे. गावात ट्रॅक्टर आहे, त्याचं एक सिलिंडर नीट पेटत नाहीये. तुझं घड्याळ. इथे जवळ कुठेतरी जाळ्यात माशी अडकलीय. आणि तुझं पोट."

"आणि खाली, रानात?"

"पाणी."

"फक्त पाणी?"

"फक्त पाणी."

शहरी कान, तो मनात म्हणाला, आणि त्याला फार बरं वाटलं. ऑर्गन सुरात लावणाऱ्या त्या कानांना जे ऐकू येत नव्हतं ते त्याला येत होतं. कुठल्याही डॉक्टरकडे न जाता. गोटहार्टच्या नाकावर टिच्चून. पण आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर त्याचं डोकं चालू लागलं, कारण डोकं त्याचं शाबूत होतं. खरी मादी चार सादा मोजून घालत नाही. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबत नाही. हा माणूस होता. खाली कुणीतरी पान ओठांना लावून बसलं होतं, आणि शेवट लांबवत होतं, म्हणजे शिकाऊ होतं.

पुतण्या! गोटहार्टने पुतण्याला खाली बसवला होता, एंगलबर्टचा पाणउतारा करायला. त्याचं रक्त तापलं.

युडिटने पुन्हा चार वेळा वाजवलं. पंधरा मिनिटं. मग खालून चार. तीच चूक.

"तोड की गाढवा," एंगलबर्ट पुटपुटला.

पुढच्या खेपेला शेवट तुटलेला होता.

तो पुतण्याच्या बाबतीत जरा नरमला. मग त्याच्या ध्यानात आलं की खालचं रान दीडशे पावलांवर आहे, आणि तो जे पुटपुटला ते शेजारी बसलेल्या बाईलाही धड कळलं नव्हतं.

"काही म्हणालास?" तिने विचारलं.

"तुला नाही."

त्याने गप्प बसायला हवं होतं. पण सव्वीस वर्षं ज्याने दुसऱ्याच्या चुका काढण्यावर दिवस काढले त्याला समोर चूक दिसताना गप्प बसता येत नाही, कुणी तसा हुकूम सोडला तरी. खालून साद आली तेव्हा त्याचे ओठ आपोआप हलले. "दुसरी हळू." पुढच्या खेपेला दुसरी हळू होती. "चौथीच्या आधी दम घे." दम घेतलेला होता. सूर्य माथ्यावर आला, गावातली बाराची घंटा झाली, आणि पाठीवर घाम असताना एंगलबर्टच्या दोन्ही दंडांवर काटा उभा राहिला होता. तरीही तो शिकवत राहिला. जे कुणी होतं ते चटकन शिकत होतं. दंतवैद्यापेक्षा, वकिलापेक्षा, आणि सव्वीस वर्षांतल्या सगळ्यांपेक्षा चटकन.

एकच्या सुमाराला खालून जी साद आली तिच्यात काढायला काही उरलं नव्हतं. तशी त्याला स्वतःलाही कधी वाजवता आली नव्हती. ती ऐकताना त्याच्या छातीत काहीतरी कळवळलं, ज्याला नाव द्यायची त्याला लाज वाटली असती.

"हां," तो म्हणाला. त्याने कुणाला दिलेली ही पहिली शाबासकी होती.

त्यानंतर रान गप्प झालं. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. काही नाही. एंगलबर्टला बसवेना. त्याने काठी उचलली.

"कुठे?" युडिट म्हणाली.

"खाली मादी बोलतेय. नर तिच्यापाशी असणार. मादी हाताशी असताना तो तुझ्या पानाकडे कशाला येईल? अशा वेळी आपण तिच्याकडे जायचं असतं. मी बघून येतो. तू जागची हलायचं नाहीस, आणि खटक्याला हात लावायचा नाहीस."

"मला कसलीच मादी ऐकू आली नाही, एंगलबर्ट."

"तू ऑर्गन लाव," तो म्हणाला आणि निघाला. शिकाऊ माणसाला भरल्या रायफलीसह एकटं सोडायचं नाही, हा त्याचाच नियम होता. तो मोडताना त्याला काहीही वाटलं नाही.

उतार सोपा गेला. जरा जास्तच सोपा, पण गुडघ्यांना त्याबद्दल तक्रार नव्हती. आल्डरच्या सावलीत शिरल्यावर तो हळू झाला. पुतण्याला कॉलर धरून बाहेर काढायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. तिथे पुतण्या नव्हता. कुणीच नव्हतं. एका बुंध्यापाशी ओली पानं पडली होती.

तो वाकला. पानं बीचची होती. बीचचं झाड इथून सगळ्यात जवळ म्हणजे वर, आडोशापाशी. पहिली सात-आठ मधोमध फाटलेली होती, नवखा माणूस फाडतो तशी. मग कडेला चिरलेली. मग नुसती चुरगळलेली. शेवटचं पान अख्खं होतं. त्याच्यावर ओठांची ओल अजून होती. ती पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली होती, आणि पान त्याच्या तळहाताएवढं होतं. माणसाचे ओठ एवढे रुंद नसतात.

बुंध्याच्या चहूबाजूंनी काळा, मऊ चिखल होता. त्यात पाऊल नव्हतं. त्याचं स्वतःचं सोडून एकही नाही.

तो उभा राहिला आणि आला त्या दिशेला वळला. तेव्हा कुठे त्याला वाट दिसली. वरपासून इथपर्यंत, छातीच्या उंचीवरच्या फांद्या मोडलेल्या होत्या. ताज्या, नीट, दोन्ही बाजूंना वाकवलेल्या. नेम धरायला मोकळं दिसावं म्हणून शिकारी आडोशासमोर मोडतो तशा. म्हणून उतार सोपा गेला होता.

तो त्या वाटेवर आला. वरून उन्हाचा एक तुकडा पडला होता, आणि तो नेमका त्या उन्हातून चालला होता.

मागून शीळ आली.

छोटीशी, एकच. चालत्या नरावर कुणी गोळी झाडत नाही. अशी बारीक शीळ घालायची की तो थबकतो, एक पाय उचललेला ठेवून मान वळवतो, काय वाजलं ते बघायला. तेवढी दोन सेकंदं पुरतात.

एंगलबर्ट थबकला होता.

त्याचा डावा पाय हवेत होता. तो त्याने ठरवून उचलून धरला नव्हता.

गोळी आली नाही. काहीच आलं नाही. ओढ्याचं पाणी वाहत होतं. घामाचा थेंब भुवईवरून डोळ्यात उतरला आणि त्याला डोळा मिटता आला नाही.

कुणीतरी त्याच्याकडे बघत होतं. कसं बघत होतं हे त्याला अचूक कळत होतं, कारण तसं बघणं हाच त्याचा धंदा होता. आधी डोकं. मग मान, खांदा. पोट उतरलंय का. वय किती. घेण्यासारखा आहे का.

मग मागे, दाटीत, नाकातून सोडलेला एक श्वास ऐकू आला. दुर्बीण खाली करताना, शेजारच्या शिकाऊला 'राहू दे हा' म्हणायच्या आधी, तो स्वतः सोडायचा तसा.

त्याचा पाय जमिनीवर टेकला.

तो वर कसा आला हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. काठी खालीच राहिली. आडोशापाशी गोटहार्ट किट्समुलर शिळेला टेकून बसला होता, मांडीवर राईचा पाव, हातात चाकू, आणि बाईला तो धुरावलेल्या मांसाच्या चकत्या कापून देत होता.

"अरे, हे काय! लग्नाला उशीर झाल्यासारखा धापा टाकतोयस," गोटहार्ट म्हणाला. "युडिट सांगतेय, तुला खाली मादी ऐकू आली म्हणे."

एंगलबर्टने शिळेला हात टेकला.

"हिला नाही आली," गोटहार्ट हसत म्हणाला. "हिला गावातल्या ट्रॅक्टरचं सिलिंडर ऐकू येतं, पण तुझी मादी काही नाही आली. आता काय म्हणायचं याला?"

"आज राहू दे," एंगलबर्ट म्हणाला. "ऊन फार झालं. चला घरी."

"ऊन? माजाच्या दिवसांत ऊन जेवढं कडक तेवढं चांगलं, हे तूच मला शिकवलंस. एंगलबर्ट, स्पष्टच बोलू का? यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वय होतं माणसाचं. तुला ऐकू येत नाही, एवढं कबूल कर आणि..."

"श्शू," युडिट म्हणाली.

तिने हातातला पाव खाली ठेवला. मान ताठ केली. तिच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदाच, काहीतरी मऊ आलं.

"आता आली," ती कुजबुजली. "खालून. अगं बाई, काय सूर आहे!"

गोटहार्टने चाकू थांबवला. तोंड उघडं ठेवून त्याने कान दिला. एंगलबर्टनेही दिला. त्याला त्याच्या रक्ताची धडधड ऐकू आली, पाणी ऐकू आलं, कबुतर ऐकू आलं. बाकी काही नाही. जे दोन तास कानात सुईसारखं घुसत होतं ते त्याच्यापुरतं विझलं होतं.

"दोन," युडिट मोजत होती. "ही हळू होती. तीन. आता दम घेतला तिने. चार. शेवट किती छान तोडला."

"मला तर काहीच नाही आलं," गोटहार्ट म्हणाला. त्याच्या आवाजातली सगळी ऐट गेली होती. त्याने करंगळी कानात घालून फिरवली आणि पुन्हा ऐकलं. मग तो एंगलबर्टकडे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत आता थट्टा नव्हती, भीती होती, म्हातारपण दारात दिसल्यावर येते तशी. "तुला येतंय?"

एकच शब्द पुरला असता. नाही म्हटलं असतं तर दोन बहिरे आणि एक बाई असा एक किस्सा झाला असता, तिघं हसली असती, पाव संपवून खाली गेली असती. पुढच्या वर्षी पुतण्या फोन घेऊन वर आला असता. खानावळीत कुणीतरी पाडसाची गोष्ट काढली असती, आणि त्या पाडसाची पुढे तीन पाडसं झाली असती.

त्याने गोटहार्टच्या त्या गुबगुबीत, घाबरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत हा चेहरा असा त्याने पाहिला नव्हता.

"येतंय का म्हणून काय विचारतोस?" एंगलबर्ट म्हणाला. "अकरा वाजल्यापासून येतंय. कान तपासून घे, गोटहार्ट."

गोटहार्टचे कान लाल झाले. तो बराच वेळ चाकू पुसत राहिला. "बरं बाबा," तो शेवटी म्हणाला. "चुकलं माझं. शिकाऊ माणसं तुझ्याकडेच. पुतण्याचं नाव मी परत काढणार नाही."

युडिटने रायफल उचलली होती. ती उठून उभी राहिली. "मग मला खाली जायला हवं ना? मादी हाताशी असताना नर वर येणार नाही. तूच म्हणालास."

"म्हणाला खरा," गोटहार्टने घाईने दुजोरा दिला. त्याला आता एंगलबर्टचं सगळंच पटत होतं.

"तू येतोस बरोबर?" तिने विचारलं.

एंगलबर्टने शिळा सोडली नाही. तिला काय सांगायचं ते त्याला माहीत होतं, सगळं वाक्य तोंडात तयार होतं. पण ते वाक्य 'मला आत्ता काहीच ऐकू आलं नाही' इथून सुरू होत होतं.

"वाट सोपी आहे," तो म्हणाला. "जा."

ती गेली. तो दुर्बीण लावून बघत राहिला. ती चांगली चालत होती, टाच आधी टेकवून, अंग हलकं ठेवून, मामाच्या त्या जुन्या कोटात. मोडलेल्या फांद्यांच्या मधून तिला कुठेही वाकावं लागलं नाही. आल्डरच्या सावलीपाशी ती उन्हाच्या तुकड्यात शिरली.

आणि थबकली. एक पाय उचललेला, मान वळवलेली.

"का थांबली ती?" गोटहार्टने हळूच विचारलं.

एंगलबर्टच्या दुर्बिणीत ती, नेमाला हवी तशी, आडवी उभी होती, पूर्ण उजेडात, खांदा मोकळा, मध्ये एक डहाळीसुद्धा नव्हती. त्याने सवयीने चूक शोधली. चूक नव्हती. ती अगदी बरोबर उभी होती.